निचरा

बुधवारी कोर्टाचा हुकूम आला,
आणि शुक्रवारी संध्याकाळी टाउन हॉलमध्ये
चार विरुद्ध एक मतांनी ठरलं
की आमच्या गावाला पोहण्याच्या तलावाची गरज नाही.
ते एक मत ऑर्विल स्टॅम्परचं.
तो म्हणाला, बांधायला काढलेलं कर्ज अजून फिटायचंय.
न्यायाबद्दल तोही काही बोलला नाही.

माझे वडील त्या तलावावर कामाला होते.
क्लोरीन, पानं काढायची जाळी, शिट्टी,
पावसाळी दिवशी तिकिटांची खिडकीसुद्धा.
मे महिन्यात तलाव भरायचे, सप्टेंबरात सोडायचे.
त्रेसष्ट साली त्यांनी जुलैतच झडप उघडली.
मी नऊ वर्षांची. नुकतीच पाठीवर तरंगायला शिकले होते,
कानांत पाणी, डोळ्यांत नुसतं आभाळ
आणि मानेखाली त्यांची दोन बोटं,
जी त्यांनी कधी काढून घेतली
मला कळलंच नव्हतं.

पाणी जायला अख्खी रात्र लागली.
पहाटे तळाने शेवटचा घोट घेतला, मोठ्याने.
खाली निघालं ते एवढंच:
सत्तावीस सेंट, केसांच्या पिना, कुणाचा तरी दुधाचा दात.
मग मातीचे ट्रक. मी बारापर्यंत मोजले,
तेवढ्यात आईने खिडकी लावून घेतली.

पाणी बाटेल, असं कुणी म्हणालं नाही.
तसे शब्द आमच्याकडे वापरत नसत.
आरोग्य म्हणायचे. देखभालीचा खर्च म्हणायचे.
आणि आम्ही पोरं, उन्हात वाळत, एकच म्हणायचो:
"त्यांच्यामुळे."
मी तर सगळ्यात मोठ्याने.

वडिलांना नगरपालिकेने काढलं नाही.
पुढची अकरा वर्षं त्यांनी तिथलं गवत कापलं.
पगार तोच.

व्हर्नेल गॅडिसचं आणि माझं टेबल आता शेजारी आहे,
त्याच टाउन हॉलमध्ये, पाणीपट्टीच्या खात्यात.
शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये, जेवणाच्या सुट्टीत,
उकडलेल्या शेंगा सोलता सोलता ती म्हणाली,
"तुमच्या त्या तलावाचा पाइप
आमच्या घरांमागच्या चरात सुटायचा, माहितेय?
दर सप्टेंबरात आम्ही वासावर असायचो.
त्या वर्षी जुलैतच आलं.
आई दारातून ओरडतेय, औषधाचं पाणी आहे ते,
कातडी सोलून निघेल!
आम्ही सगळे चरात.
सीफस तर पालथाच पडला,
वीतभर पाण्यात हात मारत होता.
म्हणाला, बघ व्हर्नेल, पोहतोय."

ती हसली. मीही हसले.
ती थांबल्यावरही मी थोडी हसत राहिले होते.

"सीफस आता कुठे असतो?"

"पुढच्याच उन्हाळ्यात. खडीच्या खाणीत.
तिथलं पाणी खोल होतं," ती म्हणाली
आणि शेंगांची पिशवी माझ्याकडे सरकवली.
मी घेतली एक. खारट होती.
दुपारभर आम्ही थकबाकीच्या नोटिसा पाकिटांत घातल्या,
तिच्या गल्लीच्या, माझ्याही.

वडिलांना ठाऊक असेल का, पाइप कुठे सुटतो?
असणारच, दुरुस्तीला तेच जायचे.
त्या रात्री त्यांनी झडप पुरती न उघडता
पाणी सावकाश सोडलं, असं मला कधी कधी आठवतं.
आठवावंसं वाटतं म्हणून आठवत असेल
तर ते खरं धरू नये.
विचारलं असतं तर म्हणाले असते,
पाणी उताराकडे जातं, दुसरं कुठे जाणार.

शनिवारी मी तिथे गेले होते.
तो चौकोन अजून दबलेला आहे,
दूर उभं राहिलं तरच दिसतो.
एका कोपऱ्यात गवतातून शिडीचे दोन दांडे वर आलेत,
हाताला चटका बसेल इतके तापलेले.
कुणीतरी त्यांना कुत्रं बांधून ठेवलं होतं.
ते सावली शोधत
दोरी पुरेल तिथवर जाऊन
परत येत होतं.